भानुदासभाऊंची अडाणी गिटार

भानुदासभाऊ कुणाच्याही घरात शिरले की आधी त्या घराचा सूर काढत, चहा नंतर. पंखा लावायला सांगत, मिक्सर फिरवायला सांगत, मान तिरकी करून क्षणभर ऐकत आणि मग निकाल देत. "ताई, तुमचा मिक्सर काळी एकच्या वाईच खाली बोलतोय. पंखा त्याच्या वर हाय. ह्या दोघांचं पटत न्हाई, म्हनून तुमचं डोकं दुखतं." माझं डोकं दुखायचं हे खरं, पण ते मी शिकवत असलेल्या सहावीच्या पोरांमुळे. तसं सांगूनही उपयोग नसे. भाऊंचा निकाल लागला की लागला.

जळलेल्या मोटारींना तांब्याची तार भरून पुन्हा चालू करणं, म्हणजे रिवाइंडिंग, हा त्यांचा धंदा. श्रीरामपूरला स्टेशनाच्या बाजूला त्यांचं छोटं दुकान होतं. घर बेलापूरला, भाऊबंद सगळे शेती करणारे. त्या घरात गिटार कशी शिरली हे सांगायचं तर आमच्या घरापासून सुरुवात करावी लागेल, कारण ती आमच्या कपाटावरून गेली.

माझे वडील, पप्पा, श्रीरामपुरात शाळामास्तर आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवणारे. आधीच्या पाळकसाहेबांचा मुलगा नोकरीला मुंबईला गेला तेव्हा आपली गिटार आमच्याकडे ठेवून गेला आणि परत काही आला नाही. ती कपाटावर पडून होती. मी तेव्हा कॉलेजात होते. बोअरची मोटार जळली म्हणून पप्पांनी एका तरण्याबांड मेकॅनिकला बोलावलं. त्यानं मोटारीकडे बघितलंच नाही, मान वर करून कपाटाकडे बघत राहिला.

"गुरुजी, ती वर काय हाय?"

"गिटार आहे."

"वाजती?"

"वाजवणारा भेटला तर वाजेल."

"मंग द्या की खाली. भेटला."

त्याआधी त्यांनी गिटारला हातसुद्धा लावलेला नव्हता, हे आम्हाला खूप नंतर कळलं. पण ते 'भेटला' इतक्या थाटात म्हणाले होते की पप्पांनी मुकाट स्टूल आणून गिटार काढून दिली. मोटार त्या दिवशी तशीच राहिली आणि आम्ही शेजाऱ्यांकडून पाणी भरलं.

श्रीरामपुरात गिटार वाजवणारे दोन-तीन जण होते. पण 'मला शिकवा' म्हणायला भाऊंची जीभ उचलत नव्हती. "शिकायचं काय त्यात? तार हाय, बोट हाय. ओळख करून द्यायची दोघांची," असं त्यांचं म्हणणं. फक्त तारा कशा लावायच्या एवढंच अडलं होतं. ते विचारायला ते बेलापूरच्या भजनी मंडळातल्या वीणेकरी तात्यांकडे गेले. तात्यांनी गिटार उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाले, "तार म्हनली का सा आन् प. आजून काय लावतोस तिला, झुंबर?"

झालं. भाऊंनी मंडळाच्या पेटीवर पांढरी दोन हा सा धरला आणि सहाच्या सहा तारा वीणेसारख्या सा-प, सा-प लावून टाकल्या. मग त्यांनाच ते सपक वाटायला लागलं. "नुसत्या सा-प नं पोट भरंना. मंग मधली एक तार गंधाराला आनली, तवा कुठं घरात मानसं आल्यावानी वाटलं." आता गिटार लावायची जगाची एक ठरलेली रीत आहे. त्या रीतीनं लावलेल्या गिटारवर एक सूरमेळ काढायला डाव्या हाताची तीन-चार बोटं वेगवेगळ्या तारांवर वाकडी करून ठेवावी लागतात. भाऊंच्या गिटारवर बोट न लावता नुसता हात फिरवला तरी भरलेला मेळ वाजे, आणि एक बोट सरळ आडवं ठेवलं की दुसरा. एका बोटावर त्यांचं सगळं राज्य चालायचं. जगाची रीत वेगळी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी त्यांनी तिला विचारलं नसतं.

काही महिन्यांनी ते ती गिटार घेऊन आमच्या चर्चच्या गाण्याच्या तालमीला हजर झाले. आम्ही क्वायरच्या मुली एकमेकींना कोपरं मारत होतो. भाऊ एका कडेला जमिनीवर मांडी घालून बसले, गिटार मांडीवर घेतली आणि आमच्या भजनामागे वाजवायला लागले. पप्पांनी पेटी थांबवली. घरी आल्यावर आईला म्हणाले, "गिटार पुष्कळ ऐकल्या, पण मांडी घालून बसलेली गिटार आज पहिल्यांदा ऐकली." पप्पांकडून एवढं कौतुक मला दहावीच्या निकालालाही मिळालं नव्हतं.

त्यानंतर भाऊंचं नाव नगरपर्यंत गेलं आणि तिथल्या एका ऑर्केस्ट्राच्या मालकांनी, बापूंनी, त्यांना बोलावून घेतलं. नगरच्या सावेडीत तेव्हा नवे बंगले उठत होते, त्यातल्या एकाच्या तळमजल्यावर तालीम चाले. भाऊ आपली गिटार घेऊन गेले नव्हते. बापूंनी त्यांच्या गिटारवाल्याची चकचकीत विजेवरची गिटार हातात दिली. भाऊंनी तारांवरून हात फिरवला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "बापू, ही पार बिघडलीय. थांबा, लावून देतो." आणि खरोखरच खुंट्या पिळायला लागले. निम्म्या तारा सा-प ला येईपर्यंत कुणाला काही सुचलंच नाही. मग त्या गिटारवाल्यानं झडप घालून आपली गिटार हिसकावून घेतली आणि सगळी तालीम पोट धरधरून हसली. बापू म्हणाले, "अहो भाऊ, ही वीणा झाली. गिटार कुठंय?" मागून कुणीतरी ओरडलं, "अडाणी ट्यूनिंग!"

हे सगळं भाऊंनीच येऊन आम्हाला सांगितलं. साभिनय सांगितलं आणि सगळ्यांत जास्त स्वतःच हसले. पप्पांनी विचारलं, "मग काय केलंस?"

"करतो काय. वायरी वढायला ठेवून घ्या म्हनलं. स्टेजच्या कडंला बसलं का गिटारवाल्याचं बोटन् बोट दिसतं. फुकटची शाळा, वर जेवान."

लग्नसराईभर त्यांनी ऑर्केस्ट्राच्या वायरी ओढल्या आणि त्या माणसाच्या डाव्या हातावरची नजर हलवली नाही. सराव कुठेही चाले. श्रीरामपूर–नगर एसटीत पुढच्या सीटच्या दांड्यावर बोटं वाकडीतिकडी करत बसायचे. एकदा पुढच्या सीटवरच्या गृहस्थांना वाटलं, हा माणूस आपल्या बायकोला काहीतरी खुणा करतोय. त्यांनी राहुरीच्या स्टँडवर भाऊंची गचांडी धरली. भाऊंनी शांतपणे सांगितलं, "दादा, तुमच्या मिसेसला मी बघितलंबी न्हाई. माझा मध्यम बसंना गेलाय." कंडक्टरनं सोडवलं म्हणून बरं.

भाऊंना स्टेजवर पहिल्यांदा वाजवायची पाळी आली तीही झकास. ऑर्केस्ट्राच्या गिटारवाल्याचंच लग्न ठरलं. गाणीबजावणी अर्थात त्यांच्याच ऑर्केस्ट्राची, आणि नवरदेव काही मुंडावळ्या बांधून गिटार वाजवू शकत नव्हता. भाऊ पुढे झाले. एका गाण्यात बोट चुकलं, तेव्हा समोरच्या खुर्चीवरून नवरदेवानं हात वर करून बोटं कशी हवीत ते दाखवलं. नवरीकडच्यांना वाटलं, जावई आशीर्वाद देतोय. त्या दिवसापासून बापूंनी भाऊंच्या हातातल्या वायरी काढून घेतल्या.

पुढची तीस-बत्तीस वर्षं म्हणजे भाऊंची मौज होती. लग्नात हिंदी गाणी, उरुसात कव्वालांच्या मागे, रविवारी आमच्या चर्चमध्ये, एकादशीला बेलापूरच्या भजनात, शाळांच्या गॅदरिंगमध्ये नाचणाऱ्या पोरींसाठी लावणीसुद्धा. कुठेही अडले नाहीत. कसं जमतं विचारलं तर म्हणत, "ज्याचं घर, त्याचा सा. आपून पाहुने. त्येंनी वाढलं ते आपल्याला आवडतं." आणि एखादी हौशी गायिका ताल सोडून पुढे धावली की बाकीचे वादक दात-ओठ खायचे, भाऊ मात्र हसत तिच्या मागे. "गानं पळालं तर आपून बी पळायचं. वरडायचं न्हाई. दमलं का थांबतंय." नवी काही अवघड चाल आली की त्यांचं ठरलेलं वाक्य असे, "लागंल की! न लागून जाती कुठं?" आणि ती लागायची. हा माणूस कशालाही बिचकत नाही याचा मला हेवा वाटायचा, आजही वाटतो.

फक्त एका गोष्टीला ते बिचकत. आमच्या कपाटावरून गेलेली ती पहिली गिटार त्यांनी माळ्यावर टाकली होती. कार्यक्रमाला जगाच्या रीतीनं लावलेली नवी गिटार. जुनीचा विषय निघाला की म्हणत, "ती आडानी हाय. तिला मानसांत न्हेत न्हाई." एकदा त्यांच्याकडे गिटार शिकायला येणाऱ्या एका पोरानं ती माळ्यावरून काढून छेडली आणि विचारलं, ही अशी का लावलीय? भाऊ पटकन म्हणाले, "लावली न्हाई, उतरलीय ती. ठिव वर." मी तिथेच चहा पीत होते. सावेडीतलं ते हसणं त्यांनी आम्हाला हसत सांगितलं खरं, पण ते त्यांच्या आत कुठेतरी तसंच बसून राहिलं होतं. मला वाईट वाटलं.

दीड-दोन वर्षांपूर्वी दुकानात तार गुंडाळता गुंडाळता त्यांच्या डाव्या हातातून रीळ पडलं, आणि मग तेही पडले. नगरला दवाखान्यात आणलं. मी आता सावेडीतच राहते, लगेच गेले. डाव्या अंगावरून वारं गेलेलं, तरी गडी मला म्हणतो, "हात गेला न्हाई ताई, झोपलाय. उठंल." पाय उठला. काठी टेकत चालायला लागले. बोलणंही सुधारलं. डॉक्टरांनी मुठीत काहीतरी धरून दाबत राहायला सांगितलं होतं. लोक रबरी चेंडू घेतात, भाऊंनी दुकानातला तांब्याच्या नळीचा वीतभर तुकडा घेतला. "चेंडू पोरांनी खेळावा." मूठ मिटायला लागली. पण बोटं सुटी हलेनात. एकदा मी गेले तेव्हा ते उजव्या हातानं डाव्या हाताचं एक एक बोट उचलून तारेवर ठेवत होते. तिसरं ठेवेपर्यंत पहिलं घसरायचं. माझ्यासमोर त्यांनी ते किती वेळा केलं मी मोजलं नाही, मला बघवत नव्हतं.

चर्चमध्ये त्यांच्या जागी ग्लोरी वाजवू लागली. नर्सिंग शिकणारी पोर, हात चांगला आहे तिचा. भाऊ येईनासे झाले, नाताळलाही आले नाहीत.

मग एका रविवारी मी पप्पांकडे श्रीरामपूरला आले असताना दारात रिक्षा थांबली. भाऊ उतरले. काखेत ती जुनी, माळ्यावरची गिटार. आत येऊन बसले. डोक्यावर पंखा खडखडत होता, पण त्यांनी मान वर केली नाही. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"गुरुजी, तुमची अमानत," ते म्हणाले. "नवी तर शिकनाऱ्या पोरांना दिली. ही तुमच्या कपाटावरची, परत कपाटावर ठिवा. वाजवनारा भेटला तर द्या कुनालाबी."

पप्पा नव्वदीला टेकलेत. ऐकू कमी येतं, पण हवं ते सगळं ऐकू येतं. त्यांनी गिटारकडे बघितलं, मग भाऊंकडे.

"भानुदास, तू ही नेलीस तेव्हा तुझी किती बोटं चालत होती?"

भाऊ जरा गोंधळले. "एकच."

"मग?"

"ते आडानी वाजवनं हुतं, गुरुजी."

"कोण म्हणालं? सावेडीवाले?" पप्पांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "सावेडीवाल्यांचं काय ऐकतोस. ही बघ, ही आता सावेडीचीच."

पप्पांनी मला पेटी पुढे ओढून भाता मारायला लावलं, स्वतः पांढरी दोन दाबून धरली आणि म्हणाले, "लाव."

पेटीचा सूर खोलीत भरून राहिला होता आणि भाता मारून मारून माझा हात दुखायला लागला होता. मग भाऊंनी उजवा हात पुढे केला आणि खुंट्या पिळायला लागले. सा, प, सा. मग ती मधली तार, गंधाराची. सहाही तारा लागल्यावर त्यांनी वरून हात फिरवला आणि तो जुना, मांडी घालून बसलेला आवाज माझ्या कॉलेजच्या दिवसांतून थेट आमच्या खोलीत आला. पण पुढचं बोट आडवं दाबायला गेले तर त्यात जोर नव्हता. तारा नुसत्याच किरकिरल्या. भाऊंनी हात काढून घेतला. मला वाटलं, संपलं.

त्यांनी खिशात हात घातला. डॉक्टरांच्या व्यायामाचा तो नळीचा तुकडा काढला, डाव्या मुठीत धरला आणि गिटार मांडीवर आडवी टाकून तो तारांवर टेकवला. दाबायचं काही नव्हतंच, नुसतं टेकवायचं होतं. उजव्या हातानं तार छेडली आणि नळी पुढे सरकवली. सूर सरकत वर गेला, हव्या त्या जागेच्या पुढे गेला, मागे आला, परत चुकला. जगाच्या रीतीनं लावलेल्या गिटारवर आडवी नळी टेकवली असती तर नुसता गोंधळ वाजला असता. इथे सगळ्या तारा एकाच घरातल्या, त्या सगळ्या मिळून चालत होत्या.

"हुकतंय," मी म्हणाले.

"लागंल की," भाऊ तारांवरची नजर न काढता म्हणाले. "न लागून जाती कुठं?"

आमच्या जुन्या भजनाची पहिली ओळ त्यांनी शोधून शोधून काढली. ती वाजत नव्हती, कुणीतरी म्हणत असल्यासारखी येत होती. ओळ पुरी झाल्यावर भाऊंनी मान वर केली आणि पंख्याकडे बघितलं. "गुरुजी, ह्यो पंखा आता बदला बरं का. लई बेसूर झालाय." मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच चहाचं आधण ठेवलं.

त्यानंतर कापणीचा सण आला. आमच्या चर्चमध्ये त्या दिवशी लोक शेतातलं पहिलं धान्य, भाजी, फळं आणून वेदीपुढे ठेवतात. भाऊ आमच्या धर्माचे नाहीत, पण दरवर्षी बेलापूरहून उसाची मोळी आणि कांद्याची गोणी घेऊन येत. या वर्षी मोळी दुसऱ्यानं उचलली होती आणि भाऊंच्या काखेत गिटार होती, तीच. पुढे येऊन जमिनीवर बसले. ग्लोरी तिची गिटार घेऊन शेजारी उभी होती. पप्पांना खुर्चीत बसवून पेटीपाशी आणलं होतं.

भाऊंनी सवयीनं विचारलं, "गुरुजी, सा कुठला?"

आमच्या क्वायरचा सा गेली कित्येक वर्षं वेगळा आहे, सगळ्यांच्या गळ्याला सोसेल असा. पप्पा म्हणाले, "तूच म्हणतोस ना, ज्याचं घर त्याचा सा? आज घर तुझं. तू सांग."

भाऊंनी नळी तारांवर टेकवली. मग म्हणाले, "पांढरी दोन."

तो सूर आम्हा बायकांना फार अवघड. वरच्या ओळीला माझा गळा फाटला, शेजारच्या दोघींनी तर नुसती तोंडं हलवली. पण भाऊंची नळी आमच्या पुढे चालत होती आणि आम्ही सगळ्या तिच्या मागे पळत होतो. मागच्या बाकावर, भाऊ पुन्हा वाजवणार हे ऐकून नगरहून आलेले बापू बसले होते. ते डोळे मिटून ऐकत होते, आणि या खेपेला कुणी हसत नव्हतं.

उपासनेनंतर अंगणात चहा चालला होता. ग्लोरी भाऊंच्या पुढ्यात उकिडवी बसली, त्यांच्या गिटारच्या तारा एक एक करून छेडून बघितल्या आणि विचारलं, "काका, हे कुठलं ट्यूनिंग आहे?"

माझा कप तोंडाशी थांबला. मागे त्या पोराला दिलेलं उत्तर मला आठवत होतं. बापूही जवळच उभे होते.

"बेलापूरचं," भाऊ सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "बस खाली. मांडी घाल आधी."